गळाची जागा साफ करायचीय, पण कोयता न्यायचा कसा?

अमळनेरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला कामाचा भाग असा:

"आम्ही तिघं मित्र सुटीच्या दिवशी तापीवर गळ टाकायला जातो. चोपडा रस्त्यावरच्या पुलापासून पुढं काठावर आमच्या दोन-तीन ठरलेल्या जागा आहेत. यंदा पूर ओसरल्यावर जाऊन बघितलं तर तिथं वेडी बाभूळ, बेशरम आणि पुरुषभर उंच पाणकणीस माजलेलं. बसायचं सोडा, पाण्यापर्यंत पोचायला वाट नाही. म्हणून मी ऑनलाइन अठरा इंची मॅचेटी, म्हणजे परदेशी धाटणीचा लांब कोयता, मागवली, काळ्या रंगाची, पाठीला करवतीचे दाते असलेली. त्याआधी गणेशोत्सवात आमच्यातल्या एकाला संध्याकाळी नाकाबंदीत अडवलं होतं. गाडीला घरचा ऊसतोडीचा कोयता लटकवलेला होता. रात्री अकरापर्यंत ठाण्यात बसवलं आणि कोयता ठेवून घेतला. तो शेतकऱ्याचा मुलगा, कोयता शेतीचा, मग चुकलं कुठं? आम्ही कोणतं अवजार घ्यावं, किती लांबीचं, आणि न्यावं कसं? शिवाय काठावरच्या एका शेतकऱ्यानं झाडं तोडायला हरकत घेतली. नदी तर सरकारची ना?"

भाऊ, ती मॅचेटी गाडीवर घेऊन निघू नका. परत पाठवता येत असेल तर परत पाठवा. तुमच्या कामाला ती उपयोगाची नाही आणि कायद्याच्या नजरेत तुमच्या मित्राच्या कोयत्यापेक्षा ती जास्त अडचणीची आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'शस्त्र' म्हणजे काय ते सांगितलं आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली, किंवा तसा बदल केलेली वस्तू म्हणजे शस्त्र. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, लाठी, साधी हातकाठी यांना त्यातून वगळलं आहे. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या प्रवर्गात तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, कुकरी यांच्या सोबत सुरे आणि तशीच इतर हत्यारं येतात. तिथं माप दिलं आहे: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातूनही वगळलेली आहेत. पेपरात '४/२५ चा गुन्हा' वाचता ना, तो याच अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ खाली लागतो.

आता तुमची मॅचेटी या मापाला लावून बघा. लांबी दुप्पट. बनावट अशी की खोक्यावरचं चित्रही शेताचं नसतं, जंगलात लपलेल्या सैनिकाचं असतं. ती 'शेतीसाठी बनवलेली' आहे हे ठाण्यात बसून पटवून देणं तुम्हाला जड जाईल. ऊसतोडीचा कोयता शेतीचाच, तो मोठा असला तरी शेतीची सूट त्याला मिळते. मात्र 'तसा बदल केलेली' हे शब्द लक्षात ठेवा. त्याच कोयत्याच्या पाठीला दुसरी धार काढली, टोक घासून भाल्यासारखं केलं, मुठीला बोटं झाकणारी पट्टी जोडली, की ती सूट गेलीच म्हणून समजा. लोहाराकडून असलं काही करून घेऊ नका.

मग तुमचा मित्र का अडकला? तिथं शस्त्र अधिनियमाचा प्रश्नच नसावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी वस्तू बाळगायला बंदी घालू शकतात. त्या यादीत शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे तर आहेतच, पण काठ्या, लाठ्या आणि 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' हेही आहे. इथं शेतीची सूट नाही. विळाही यात येऊ शकतो आणि तुमची जाड काठीही. सण, निवडणुका, मोर्चे, एखाद्या गावातला तणाव, असं काही असलं की आपल्याकडे हे आदेश निघतात, साधारण पंधरा-पंधरा दिवसांसाठी. बातमीत त्याला 'शस्त्रबंदी व जमावबंदी' म्हणतात. कलम ३७(१) चा आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे, आणि कोर्टानं खास कारण नोंदवल्याशिवाय कैद चार महिन्यांपेक्षा कमी करता येत नाही. गणेशोत्सवात, संध्याकाळच्या वेळी, उघडा कोयता गाडीला लटकवून जाणाऱ्याला पोलिसांनी थांबवणं यात नवल नाही. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनंतर तर कोयता हा शब्दच पोलिसांच्या कानाला वेगळा लागतो.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आदेश चालू आहे का ते बघा. जिल्हा प्रशासनाचं संकेतस्थळ, स्थानिक पेपर, नाहीतर सरळ पोलीस ठाण्यात फोन. जिल्हा बदलला की आदेशही बदलतो, हे तुमच्यासारख्या काठावर राहणाऱ्यांनी विसरू नये. तुम्ही अमळनेर तालुक्यात आहात तोवर जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. पांझरा-तापी संगमावर मुडावदच्या बाजूला गेलात की तो शिंदखेडा तालुका, धुळे जिल्हा. एकीकडे बंदी नसेल आणि दुसरीकडे असेल. आदेश चालू असेल त्या दिवसांत फक्त गळ न्या, अवजार नाही. माशांना पंधरा दिवस थांबवता येतं.

तिसरा कायदा गळ टाकणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतो. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण, यावल, आणि चाळीसगावच्या अंगाला गौताळा ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे तिथं लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही. आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत सुरे आहेत, फासे आहेत, जाळी आहेत आणि गळसुद्धा आहेत. म्हणजे तिथं कोयत्याचं राहू द्या, नुसता गळच पुरेसा आहे गुन्ह्याला. राखीव वनातून वाहणाऱ्या नदी-नाल्यातही मासेमारी आणि झाडतोड या दोन्हींवर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं बंधन आहे. अशा ठिकाणी जागा साफ करायचा विचार सोडून द्या.

आता 'नदी सरकारची ना?' याचं उत्तर. नदीचं पात्र सरकारचं, हे खरं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तसंच आहे. पण पात्राच्या वरचा काठ बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी सातबाऱ्यात असतो आणि त्यातली झाडं त्या खातेदाराची. त्या शेतकऱ्यानं हरकत घेतली ते बरोबर केलं. आणि पात्र सरकारचं म्हणजे कुणीही येऊन खणावं असंही नाही. गिरणा आणि तापीवर वाळूचोरीनं एवढा उच्छाद मांडला आहे की फावडं आणि घमेलं घेऊन पात्रात उतरलेला माणूस आधी वाळूवालाच वाटतो. बसायला ओटा करायचा म्हणून वाळू-माती उपसू नका. गौण खनिजाची कारवाई महसूल खात्याकडून होते आणि ती महाग पडते. फावडं घरीच ठेवा.

धरण किंवा बंधाऱ्याच्या जलाशयावर गेलात तर काठ जलसंपदा विभागाचा आणि मासे बहुधा ठेका घेतलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेचे. संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय गळही टाकू नका, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. धरणाच्या भिंतीवर, दगडी अस्तरात किंवा कालव्याच्या भरावावर उगवलेलं झुडूप उपटायचं नाही, मुळासकट तर मुळीच नाही.

झाडांचं दोन ओळींत सांगतो. चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, अंजन ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. ती मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मग तुम्हाला कुठली. गावातल्या बोरीच्या काठावर जागा करत असाल तर ती नगरपरिषद हद्द, तिथं १९७५ चा नागरी वृक्ष कायदा लागू होतो, आणि त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं म्हणजे तोडणंच धरलं आहे. तुमचं काम गवत, बेशरम आणि वेड्या बाभळीच्या अंगठ्याएवढ्या-मनगटाएवढ्या फांद्यांचं आहे. त्यापलीकडे जाऊ नका.

एवढ्या कामाला लागतं काय? तीन वस्तू, आणि तिन्हींची पाती ९ इंचांच्या आत. लांब पात्याला कायद्यात सूट मिळेलही, पण प्रश्नच निघू नये असं अवजार असलेलं बरं.

पहिली वस्तू छाटणीची घडीची करवत. पातं १८ ते २१ सेंटिमीटर, ओढताना कापणारे दाते. डाळिंब आणि लिंबाच्या बागवाल्यांकडं असते तीच. कोयत्यापेक्षा करवत का, याचं कारण नीट समजून घ्या. कोयत्यानं झुडूप तोडलं की घाव तिरका बसतो आणि जमिनीतून भाल्यासारखा टोकदार खुंट वर राहतो. गवत पुन्हा वाढलं की तो खुंट दिसत नाही. पहाटे अंधारात उतरताना त्यावर पाय पडला तर चपलेतून आरपार जातो. करवतीनं खुंट सपाट राहतो, जमिनीलगत कापता येतो. दुसरं, उतारावर, ओल्या गाळात पाय धड टेकत नसताना कोयता फिरवणं म्हणजे स्वतःच्या नडगीला आमंत्रण. बेशरमेच्या लवचिक काडीवरून पातं उसळतं, वेडीच्या सुक्या लाकडावरून घसरतं. करवत हातात राहते. मनगटाएवढी फांदी कापायला मिनिटभर लागेल, एवढंच.

कापताना आधी खालच्या बाजूनं एक तृतीयांश कापा, मग वरून, पहिल्या कापापेक्षा दोन बोटं बाहेरच्या बाजूला. नाहीतर फांदी अर्धी कापल्यावर वजनानं चिरते आणि साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. पुरानं वाकवून गाळात दाबलेल्या फांद्या वेगळ्या. त्यांच्यात ताण असतो, धनुष्यासारखा. तिथं आतल्या, दबलेल्या बाजूला आधी थोडा काप द्यायचा, मग बाहेरच्या ताणलेल्या बाजूला हळूहळू, आणि आपण फांदी जिकडं उसळेल तिकडं उभं राहायचं नाही. ताणलेल्या बाजूनं एकदम कापली तर ती तोंडावर येते, वर काटे. काम झाल्यावर दात्यांत अडकलेला बाभळीचा डिंक रॉकेलच्या फडक्यानं पुसा, मग खोबरेल तेलाचा हात फिरवा. डिंक तसाच सुकला की पुढच्या वेळी करवत अडकते आणि आपण जोर लावतो. पातं वाकतं ते तिथंच.

दुसरी वस्तू दातेरी विळा, गहू कापायचा. पाणकणीस, कसई, लव्हाळा याला दुसरं काही लागत नाही. दातेरी विळ्याला सहाणीवर धार लावत बसू नका, दाते जातात. बोथट झाला की नवा घ्या. लोहाराकडून साधा विळा करून घेणार असाल तर पाणी, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करणं, बेताचं द्यायला सांगा. पाणी जास्त बसलं तर नदीकाठच्या गोट्यावर आदळून धारेचा तुकडा उडतो, कमी बसलं तर धार मुडपते. नदीवरच्या कामाला मुडपलेली परवडली, ती दगडावर सरळ करता येते. उडालेला तुकडा डोळ्याकडे येतो.

तिसरी वस्तू सिकेटर, म्हणजे एका हातानं चालवायची छाटणी कात्री, आणि जमलं तर लांब दांड्याची छाटणी कात्री. ओल्या फांदीसाठी एकमेकींवरून सरकणाऱ्या पात्यांचं घ्या. एका पात्यानं सपाट पट्टीवर दाबणारं सुक्या लाकडाला चालतं, ओली फांदी चेंगरतं. सिकेटर करंगळीएवढ्या जाडीला, लांब दांड्याची कात्री अंगठ्यापेक्षा जराशा जाड फांदीला. बेशरम बहुतेक यातच संपते.

सोबत जाड तळाचे बूट, कोपराकडे चढणारे चामडी हातमोजे आणि डोळ्याला साधा चष्मा. वेडीचा काटा रबरी चप्पल सहज भेदतो आणि अंगात मोडला की जागा सुजून दुखत राहते. कापलेल्या फांद्या हातानं ओढू नका, टोकाला आकडा असलेली काठी किंवा दोर वापरा. पाठीवरच्या पेट्रोलच्या ग्रास कटरचा मोह होईल. तीन जणांच्या बसण्यापुरत्या जागेला तो नको. काठावर सगळा गोटा असतो, पातं दगडाला लागलं की दगड गोफणीसारखा सुटतो, आणि ऑइल मिसळलेलं पेट्रोल पाण्याकाठी सांडतं.

आता प्रत्येक झुडपाची खोड वेगळी.

बेशरम तोडली की तिचे तुकडे ओल्या मातीत टाकू नका, पाण्यात तर अजिबात नको. प्रत्येक पेराला मूळ फुटतं आणि दिवाळीला साफ केलेली जागा होळीला दुप्पट भरते, शिवाय वाहून गेलेला तुकडा खालच्या गावाच्या काठाला लागतो. वर कोरड्या, उन्हाच्या जागी ढीग करा. तिचा चीक डोळ्याला लागू देऊ नका, आणि ढीग शेळ्यांच्या वाटेवर नको, बेशरम जनावरांना विषारी आहे.

पाणकणीस वरून कापून काही होत नाही, महिन्याभरात पुन्हा डोक्याएवढं. पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापा. त्याच्या मुळांना हवा देठातूनच जाते, कापलेलं तोंड पाण्याखाली राहिलं की मूळ गुदमरतं. फुटवा आला की पुन्हा तसंच. दोन-तीन खेपांत ती जागा मोकळी होते.

जलपर्णी दंताळ्याला दोर बांधून ओढून घ्या आणि काठापासून दोन-तीन मीटर वर टाका. ती जवळजवळ सगळी पाणीच असते, म्हणून ओली असताना जड लागते, थोडी थोडी ओढा. पुढं ढकलून देणं म्हणजे आपली घाण शेजाऱ्याच्या दारात लोटणं. वेड्या बाभळीची मुळं काठावर उकरू नका. तापीकाठच्या गाळाच्या दरडी कशा ढासळतात ते तुम्ही रोज बघता, ते झुडूप तिथं नकोसं असलं तरी दरड तेच धरून आहे. फांद्या छाटा, बुंधा राहू द्या. आणि खाजकुहिलीच्या वाळल्या शेंगा दिसल्या तर ती जागा सोडून द्या.

जाळायचं काहीच नाही. तणनाशक पाण्याजवळ फवारायचं नाही, ते वाहून पाण्यातच जाणार.

किती साफ करायचं? वाट हातभर-दीड हात रुंद. पाण्याशी दोन मीटरची खिंड, माणसामागे एक. डोक्यावर गळाची काठी फिरवायला तीन मीटर मोकळं. बस्स. एवढ्यावर थांबण्यात तुमचाच फायदा आहे. मरळ झुडपाच्या सावलीत, गवताच्या कडेला टपून असते. सगळा काठ भादरला तर मरळ जाते आणि तुम्ही चिलापीवर समाधान मानता. राहू-कटल्यालाही काठावरच्या माणसाची सावली पाण्यावर पडलेली खपत नाही, समोर थोडा आडोसा हवाच. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असतात, त्या फांदीला हात लावू नका. उन्हाळ्यात दरडीतल्या भोकांत वेडे राघू आणि खंड्या पिल्लं वाढवतात, त्या दरडीवर चढू नका. म्हणून कामाला बरा काळ दसऱ्यानंतरचा: पूर ओसरलेला, खोपे रिकामे, माती अजून मऊ.

विळा चालवण्याआधी गवतात काठीनं चाचपून बघा. तापीकाठानं पाण्याच्या मोटारींच्या केबल आणि पाइप गवतात दडलेले असतात, वावराच्या कडेला ठिबकच्या नळ्या. नळी कापली तर शेतकरी तुम्हाला पुन्हा फिरकू देणार नाही. चालू केबल कापली तर त्याची वेळ येणार नाही. डोक्यावरून विजेची तार जात असेल तिथं बांबू उभा करू नका, ओल्या बांबूतून करंट येतो. काठीच्या आवाजानं घोणस बहुधा सरकते, पण ती सुस्त असते, जागची हलतेच असं नाही. चावली तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढायचं, तो हातपाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्यायचं. झाडावर आग्या मोहोळ दिसलं की त्या झाडाखाली कसलंच काम नको. आणि पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी असेल तर पात्रात उतरायचंच नाही. एक्केचाळीस दरवाज्यांचं धरण आहे ते. वर ऊन पडलेलं असतं आणि खाली पाणी चढतं.

आता न्यायचं कसं. सगळ्यात उत्तम म्हणजे न्यायचंच नाही. ज्या शेतकऱ्याच्या वावरातून उतरता त्याच्याच खळ्यात करवत-विळा ठेवा, किंवा त्याचाच विळा तासभर मागून घ्या. रस्त्यावरचा प्रश्न तिथंच मिटतो.

न्यायचंच असेल तर विळ्याला ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा घ्या, १६ किंवा २० मिलिमीटरचा, लांबीत चिरा आणि धारेवर बसवा. विळ्याच्या बाकाप्रमाणे ती वळते, म्हणून तिच्यासारखं म्यान नाही, आणि आपल्याकडं ती पडीक मिळते. करवत घडी करून तिचा खटका लावलेली. मग सगळं गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधायचं आणि पिशवीच्या तळाशी, वर गळाचं सामान, डबा, हातमोजे. चटकन हाताला येणार नाही असं. हँडलला नाही, कमरेला नाही, सीटखाली मूठ बाहेर ठेवून तर नाहीच. घरून थेट नदी आणि नदीवरून थेट घर. वाटेत बाजार, मिरवणूक, सभा, कोर्ट-कचेरी, शाळेचा परिसर नको. आणि दिवसाउजेडी. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत गुन्ह्याच्या इराद्यानं घातक वस्तू घेऊन फिरण्याबद्दल पोलीस अधिनियमात कलम १२२ आहे. तुमचा इरादा तसा नाही हे खरं, पण रात्री ते तुम्हालाच सांगत बसावं लागतं. रात्री गळ टाकायचा असेल तर साफसफाई आदल्या दिवशी उरका आणि अवजार घरी ठेवून या. एसटीत आणि रेल्वेत नेऊ नका. अवजार हातात धरून फोटो काढून स्टेटसला ठेवू नका, असल्या फोटोंवरून पोरांवर गुन्हे दाखल झाले आहेत.

अवजार कृषी साहित्याच्या दुकानातून घ्या आणि पावतीवर 'छाटणी करवत', 'विळा' असं नाव लिहून घ्या. पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

पोलिसांनी थांबवलं तर विचारायच्या आधी सांगा: "साहेब, पिशवीत विळा आणि छाटणीची करवत आहे, बांधलेली आहे, अमुक गावच्या शिवारात नदीकाठी काम आहे." स्वतः पिशवीत हात घालू नका, त्यांना बघू द्या. पावती आणि खालचा अर्ज दाखवा. हुज्जत घालू नका, 'शेतीचं अवजार आहे, काय करणार' हे तर मुळीच नको, कारण कलम ३७ चा आदेश चालू असेल तर ते बोलणं चालत नाही. वस्तू जप्त केली तर पंचनाम्याची प्रत मागा, वाचल्याशिवाय सही करू नका. गुन्हा दाखल झाला तर वकील गाठा. खिशाला परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर वकील मोफत मिळतो. तुमच्या मित्रानं कोयता परत मागायला जायच्या आधी आपल्यावर नोंद काय झाली आहे, कोणत्या कलमाखाली, हे विचारून घ्यावं. नुसता ठेवून घेतला की गुन्हा दाखल आहे, यात फार फरक आहे.

आणि हरकत घेणाऱ्या त्या शेतकऱ्याकडं पुन्हा जा. या वेळी हात रिकामे ठेवून, दिवसा, आणि कुठली झुडपं, किती जागा, ढीग कुठं घालणार ते त्याला जागेवर दाखवा. त्याच्या मोटारीकडं जाणारी वाटही साफ करून देतो म्हणा, तेही काम आहेच. तो हो म्हणाला की एक साधा अर्ज लिहा, त्याची सही घ्या, एक प्रत गावच्या पोलीस पाटलांकडं द्या आणि एकीवर पोच घेऊन ती पिशवीत ठेवा. परवाना म्हणून त्याला किंमत नाही आणि बंदी-आदेशापुढं तो चालणार नाही. पण नाक्यावर तुम्ही सांगता ते खरं की खोटं, हे एका फोनवर कळायची सोय त्यात होते. मजकूर एवढाच:

"मौजे ……, ता. ……, येथील श्री./श्रीमती …… यांच्या गट क्र. …… लगत तापी नदीकाठी ये-जा करण्यापुरती वेडी बाभूळ, बेशरम व गवत ही झुडपे दि. …… रोजी सकाळी ८ ते ११ या वेळेत त्यांच्या संमतीने हाताने छाटणार आहोत. सोबत अवजारे: दातेरी विळा १, घडीची छाटणी करवत १, सिकेटर १. कोणतेही झाड तोडणार नाही, माती-वाळू उकरणार नाही, काही जाळणार नाही. येणाऱ्यांची नावे, पत्ते व मोबाइल क्रमांक: …… . जमीनधारकाची सही: …… . माहितीस्तव सादर."